शांतीच्या वाटेवरचे अप्पासाहेब पंत



मागे एकदा युवकांच्या सभेत एका मुलाने आम्हाला प्रश्न विचारला. टीव्हीवर रोज युद्धाच्या बातम्या असतात, अमुक देशाचा राजदूत तमुक ठिकाणी बोलणी करायला गेला असे सांगतात. तर हा माणूस तिथे जाऊन नेमके करतो तरी काय? आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, न्याय्य युद्ध कशाला म्हणावे यावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली, पण या साध्या प्रश्नाला आम्हाला धड उत्तर देता आले नाही. सभा संपली, मुले घरी गेली, प्रश्न मात्र राहिला. मग आठवले ते औंधचे अप्पासाहेब पंत. ते संत नव्हते आणि ख्रिस्तीही नव्हते. तरी त्यांची गोष्ट या पानावर यावी असे आम्हाला वाटले.

आपल्या रायगडात रोह्याचे चिंतामणराव देशमुख सर्वांना ठाऊक आहेत. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे जगाच्या पैशाची घडी नव्याने बसवली गेली, तेव्हा हिंदुस्थानच्या वतीने बोलायला ते तिथे होते. अप्पासाहेब त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१२ चा. वडील श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे. सातारा, सांगली भागात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे बहात्तर गावांचे छोटे संस्थान. उत्पन्न बेताचे, पण राजा मुलखावेगळा होता. ते स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत, रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतल्या मुलांनाही घालायला लावत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ याच राजाने दिला. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

अशा घरात वाढलेला मुलगा ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आला. पुढे त्याने काय करावे हे ठरलेलेच होते: गादीशेजारी बसावे आणि कारभार पाहावा. पण १९३८ मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरवले. या कामात पुढाकार होता अप्पासाहेबांचा आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या ज्यू इंजिनिअरचा. फ्रीडमन बंगळूरला कारखाना चालवत होते, तिथून ते औंधला आले आणि भगवी वस्त्रे घालून भारतानंद झाले. राज्यघटनेचा मसुदा घेऊन ही मंडळी गांधीजींकडे गेली. गांधीजींनी कागद वाचला, दुरुस्त्या सुचवल्या आणि राजाने स्वतःच्या खर्चाला मर्यादा घालावी असे सांगितले. तरुण अप्पासाहेबांना मात्र त्यांनी एक वेगळीच अट घातली. घटना करून मोकळे होता येणार नाही. दहा वर्षे खेड्यांत राहावे लागेल.

ही अट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अप्पासाहेबांनी पुढे राजदूत म्हणून जे केले ते सगळे या अटीतून आले असे आमचे मत आहे. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची घटना अमलात आली. गावागावांत पंचायती आल्या. अप्पासाहेब त्या बहात्तर गावांत फिरू लागले. भांडणे ऐकायची, हिशेब बघायचा, विहिरीवरून दोन वाड्यांत वाद असेल तर दोन्हीकडे जेवायचे. बॅरिस्टर माणसाला हे सोपे गेले नसणार. आपल्याकडे बांधावरून किंवा खाजणातल्या पाण्यावरून दोन घरांत वाद झाला की दोघांच्याही ओट्यावर बसून ऐकायला किती धीर लागतो, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

याच दिवसांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंती नसलेल्या जागी, बायकामुलांसह, शेती करून राहू द्यायचे, अशी ती वसाहत. फ्रीडमनची कल्पना आणि संस्थानचा पाठिंबा. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर स्वतः औंध संस्थानातले. बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिक मिळाले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. भूमिगतांच्या मागे इंग्रजांचे पोलीस लागले, आणि भूमिगत संस्थानी हद्दीत आसरा घेऊ लागले. कुंडल हे तर औंधचेच गाव. संस्थानचे कारभारी म्हणून अप्पासाहेबांना एकीकडे इंग्रज अधिकाऱ्यांना तोंड द्यायचे होते, दुसरीकडे ही सगळी आपलीच पोरे होती. माणूस रानात का जातो आणि हातात बंदूक का घेतो, हे त्यांनी त्या वेळी जवळून पाहिले. पुढे १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर त्याच सातारा भागात घरे जाळली गेली. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले. परदेशात जाण्याआधीच अप्पासाहेबांनी हे सगळे आपल्या अंगणात बघितले होते. मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गांधीजींनी सांगितलेली दहा वर्षे भरत आली होती.

त्याच वर्षी पंडित नेहरूंनी त्यांना भारत सरकारचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत पाठवले. मुक्काम नैरोबीला, वय पस्तीस-छत्तीस. परराष्ट्र खात्याचा अनुभव शून्य. पत्नी नलिनीदेवी शिकलेल्या शल्यचिकित्सक होत्या.

केनियाची तेव्हाची स्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. १९४८ च्या जनगणनेत तिथे पन्नास लाखांहून अधिक आफ्रिकी होते, सुमारे एक लाख आशियाई आणि सुमारे तीस हजार गोरे. आणि उत्तम पावसाची, थंड हवेची डोंगराळ जमीन या तीस हजारांसाठी राखून ठेवलेली. किकुयू जमातीची बरीच जमीन त्यात गेली होती, आणि ज्याची जमीन गेली तोच आता तिथे मजुरी करत होता. आपले लोक मधल्या पायरीवर. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून रेल्वेमार्ग घातला गेला, त्यासाठी सुमारे बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. बहुतेक परतले, काही राहिले, मागोमाग गुजराती दुकानदार आले, पंजाबी कारागीर आले. गोव्याचे आपले कॅथोलिक बांधव कारकून, शिंपी, आचारी म्हणून गेले. कागदोपत्री ते पोर्तुगालचे नागरिक, त्यामुळे भारताच्या आयुक्ताचा त्यांच्याशी तसा संबंध नव्हता. पण रंग तर सारखाच. हॉटेल, शाळा, वस्ती, सगळीकडे वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन पायऱ्या होत्या.

नेहरूंचे धोरण असे होते की आफ्रिका आफ्रिकी लोकांची आहे, आपण तिथे पाहुणे आहोत आणि त्यांच्या हिताआड आपले हित येता कामा नये. दिल्लीत बसून हे म्हणणे सोपे होते. नैरोबीतल्या भारतीय व्यापाऱ्याला हे कसे रुचावे? तो रात्रंदिवस राबून दुकान उभे करून बसलेला. आपल्या देशाचा माणूस आला, आता आपले गाऱ्हाणे मांडील अशी त्याची आशा. आणि हा माणूस येऊन सांगतो की मुलांना आफ्रिकी मुलांबरोबर शिकवा, धंद्यात त्यांना भागीदार करा, नाहीतर एक दिवस तुम्ही इथे परके ठराल. अप्पासाहेबांवर पहिला राग धरला तो आपल्याच काही लोकांनी. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. चरित्रे लिहिताना असा भाग गाळायची सवय असते.

अप्पासाहेबांनी नैरोबीत घराचे दार उघडे ठेवले. आज त्याचे काही वाटणार नाही, पण त्या शहरात आफ्रिकी माणूस मोठ्या घरात मागच्या दाराने, नोकर म्हणून शिरत असे. पंतांकडे तो पुढच्या दाराने येई आणि टेबलावर शेजारी बसे. जोमो केन्याटा येत, पीटर म्बियू कोइनांगे येत. कोइनांगे यांनी गिथुंगुरी येथे किकुयू लोकांच्या स्वतःच्या पैशातून शिक्षकांचे महाविद्यालय चालवले होते. मिशन शाळांशी मतभेद होऊन बाहेर पडलेल्या लोकांच्या शाळांना तिथून शिक्षक मिळत. त्या भांडणात सगळी चूक एकाच बाजूची नव्हती, आणि आमच्या मिशनऱ्यांना त्यांच्या रीतिभाती समजून घ्यायला वेळ लागला हेही खरे. अप्पासाहेब अशा शाळा पाहायला जात. भारत सरकारकडून आफ्रिकी मुलांना शिष्यवृत्त्या मिळवून देऊन त्यांनी मुलांना इकडच्या कॉलेजांत पाठवले. गांधीजींच्या स्मरणार्थ नैरोबीत सर्व वर्णांसाठी उच्च शिक्षणाची संस्था काढायची म्हणून तिथल्या भारतीयांनी पैसा जमवला, त्यातही त्यांचा हात होता. त्या कामातून पुढे नैरोबी विद्यापीठाच्या घडणीला आधार मिळाला. राग धरणारे भारतीय होते, तसे खिशात हात घालणारेही होते.

मग १९५२ साल आले. जमिनीसाठी सुरू झालेली चळवळ रानात गेली. रात्री गुप्त शपथा दिल्या जाऊ लागल्या. ज्यांना बाहेरचे लोक माऊ माऊ म्हणत, त्यांनी सरकारच्या बाजूच्या माणसांना मारायला सुरुवात केली. ७ ऑक्टोबरला वरिष्ठ प्रमुख वारुहियू यांचा भर रस्त्यावर खून झाला. २० ऑक्टोबरला गव्हर्नर बेअरिंग यांनी आणीबाणी जाहीर केली आणि त्याच रात्रीपासून केन्याटा आणि त्यांचे सहकारी पकडले गेले. वृद्ध कोइनांगेंनाही अटक झाली. मुलगा म्बियू परदेशात होता म्हणून वाचला.

पुढच्या दोन-तीन वर्षांचे वर्णन करताना लेखणी अडखळते. जानेवारी १९५३ मध्ये रक नावाचे तरुण शेतकरी, त्यांची डॉक्टर पत्नी आणि सहा वर्षांचा मुलगा यांना त्यांच्या शेतघरात कोयत्यांनी मारले. मार्चमध्ये लारी येथे सत्तरहून अधिक माणसे एका रात्रीत गेली, त्यात बायका आणि मुले जास्त, आणि सगळे किकुयूच. त्याचा सूड म्हणून पुन्हा तेवढे किंवा अधिक मारले गेले. शपथ घ्यायला नकार दिला म्हणून मेलेल्यांत ख्रिस्ती किकुयू पुष्कळ होते. दुसऱ्या बाजूने सरकारने छावण्या उघडल्या, गावेच्या गावे काटेरी तारांच्या आत नेली, आणि आणीबाणीच्या काळात एक हजार नव्वद जणांना फाशी दिली. गिथुंगुरीचे ते महाविद्यालय सरकारने बंद केले आणि त्याच जागी फाशीचे खांब उभे केले. गोरे नागरिक मेले ते बत्तीस. आफ्रिकी मेले ते सरकारी आकड्यांप्रमाणेही अकरा हजारांहून अधिक. छावण्या चालवणारे अधिकारी रविवारी चर्चला जाणारे लोक होते, हे लिहिताना आम्हाला जड जाते, पण ते टाळणे बरे नाही.

अशा ठिकाणी भारताच्या आयुक्ताने काय करावे? तो गांधींच्या देशाचा, तेव्हा कोयत्याचे समर्थन त्याला करता येत नाही. दुसरीकडे दिल्लीला पाठवायच्या पत्रांत फक्त खुनांची यादी लिहिली तर ते अर्धसत्य होईल. अप्पासाहेब जमिनीचा प्रश्न सोडत नव्हते. माणसे रानात गेली ती कशामुळे, हे ते पुन्हा पुन्हा मांडत राहिले. सरकारला हे झोंबत होते. त्यातच केन्याटांवरचा खटला उभा राहिला. तो नैरोबीत न चालवता दूर उत्तरेला कापेंगुरियाच्या ओसाड जागी नोव्हेंबर १९५२ ते एप्रिल १९५३ पर्यंत चालवला. इंग्लंडहून डी. एन. प्रिट हे बॅरिस्टर बचावासाठी आले. नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना धाडले. नैरोबीतले अच्छरू कपिला आणि जसवंत सिंग होते, आणि त्यांच्याबरोबर गोव्याच्या कुटुंबातला एक अगदी तरुण वकील होता, फिट्झ डिसूझा. गोरे, काळे आणि सावळे वकील एका पक्षाचे, पण वर्णभेदाच्या त्या मुलखात सगळ्यांना एकत्र उतरायला जागा मिळणेही अवघड. केन्याटांना सात वर्षांची शिक्षा झाली. डिसूझा पुढे स्वतंत्र केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले.

गोव्याचे दुसरे नाव इथे घ्यायलाच हवे. पियो गामा पिंटो हा नैरोबीत जन्मलेला, धारवाडला शिकलेला, मुंबईत नोकरी केलेला आणि गोवामुक्तीसाठी धडपडलेला तरुण १९४९ मध्ये केनियात परतला होता. नैरोबीतल्या भारतीय काँग्रेसच्या कचेरीत बसून तो आफ्रिकी चळवळीचे काम करी. १९५४ मध्ये त्यालाही पकडले. पाच वर्षे त्याने स्थानबद्धतेत काढली. जोसेफ मुरुंबी हे तिसरे. वडील गोव्याचे, आई मासाई जमातीची, शिक्षण बंगळूरच्या कॅथोलिक शाळेत. नेते पकडले गेल्यावर पक्षाचे काम त्यांच्यावर आले, आणि १९५३ मध्ये ते देशाबाहेर पडून प्रथम भारतात आले. १९६६ मध्ये ते केनियाचे उपराष्ट्रपती झाले.

नैरोबीतल्या गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत, सभांत, गव्हर्नरच्या कचेरीत एकच बोलणे सुरू झाले की हा पंत इथून गेला पाहिजे. त्याच्या घरी बंडखोर जेवतात, तो लोकांना चिथावतो. लंडनहून दिल्लीला तक्रारी गेल्या. अखेर १९५४ मध्ये अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पण इंग्रजांना जे हवे होते ते मिळाले, हेही खरे.

सेमिनरीत आम्हाला शिकवले होते की मध्यस्थ हा दोन्ही पक्षांपासून सारख्या अंतरावर असावा. कागदावर ते बरोबर दिसते. पण जिथे एकाकडे तोफा, कोर्ट आणि जमीन आहे आणि दुसऱ्याकडे काही नाही, तिथे सारखे अंतर ठेवणारा नकळत तोफांच्या जवळ उभा राहतो. उलट बाजूही आम्हाला दिसते. अप्पासाहेब ज्यांच्या बाजूने होते त्यांनी लारीत लहान मुले मारली. या गोष्टीने त्यांना किती झोपेविना ठेवले असेल ते प्रभूच जाणे. त्यांचे काही चुकले का? आमच्या मते रानातल्या हिंसेचा जोर त्यांनी सुरुवातीला कमी धरला. माणसे चांगली असतात यावर त्यांचा फार विश्वास होता. पण जेवायला बोलावण्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि ज्याला सात वर्षांची सजा दिली तोच माणूस पंतप्रधान झाला. पियो गामा पिंटो मात्र २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत आपल्या घराच्या फाटकाशी गोळ्या घालून मारला गेला. त्याची लहान मुलगी गाडीत होती. ब्रिटिश सरकारने छावण्यांतल्या छळाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१३ साली, आणि हयात असलेल्या पाच हजारांहून अधिक वृद्धांना भरपाई दिली.

नैरोबीनंतर अप्पासाहेबांना गंगटोकला पाठवले गेले. १९५५ ते १९६१ ते सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी होते. नाव साधे, पण सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधल्या भारताच्या कचेऱ्या, सगळे त्यांच्याकडे होते. तिबेटात चिनी सैन्य आधीच आलेले. १९५६ च्या शेवटी बुद्धजयंतीच्या निमित्ताने तरुण दलाई लामा नथू ला खिंड ओलांडून आले, तेव्हा स्वागताला अप्पासाहेब होते. परत जावे की भारतातच राहावे, हा त्या एकवीस वर्षांच्या लामांपुढचा प्रश्न. नेहरूंनी परत जाण्याचा सल्ला दिला. दलाई लामा परतले, आणि १९५९ च्या मार्चमध्ये पुन्हा आले ते निर्वासित होऊन. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले, तेव्हा तिकडे मोटाररस्ता नव्हता. घोड्यांवरून, पायी, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून तो प्रवास झाला. अप्पासाहेब बरोबर होते. तिबेटी ग्रंथ आणि विद्या टिकावी म्हणून गंगटोकला जी संस्था त्या वर्षी उघडली, तिच्यासाठीही ते खपले. गंगटोकला त्यांना फारसे काही थांबवता आले नाही. जे वाचवता येईल ते वाचवायचे, असेच दिवस होते.

१९६१ मध्ये ते इंडोनेशियात राजदूत झाले, आणि पुढच्या वर्षी जकार्तात चौथे आशियाई खेळ भरले. यजमानांनी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. भारताचे जी. डी. सोंधी हे खेळ संघटनेचे पदाधिकारी; त्यांनी हे नियमाविरुद्ध असल्याचे सांगितले. लोक भडकले. ३ सप्टेंबर १९६२ ला जमाव भारताच्या वकिलातीवर चालून गेला आणि मोडतोड झाली. दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात होता. सगळे मैदान आपल्या संघाविरुद्ध हुर्यो करत होते. भारत दोन विरुद्ध एक गोलने जिंकला. त्या संघात गोव्याच्या कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको होता, जो मुंबईत टाटांकडून खेळे. आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना हे नाव सांगायला नको. मैदानावर जिंकणे एका दुपारचे काम होते. राजदूताला मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच शहरात राहायचे होते, ज्यांनी काचा फोडल्या त्यांच्याच सरकारशी बोलायचे होते. दीड-दोन महिन्यांतच चीनने भारतावर आक्रमण केले, आणि आशियातला मित्र कोण हा प्रश्न अधिकच अवघड झाला. अप्पासाहेब १९६४ पर्यंत जकार्तात राहिले.

मध्ये दोन वर्षे नॉर्वेत शांततेत गेली. १९६६ मध्ये ते कैरोला गेले. मे १९६७ मध्ये नासर यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांना निघून जायला सांगितले. त्या सैन्याचे प्रमुख होते भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखी. ५ जूनला युद्ध पेटले. इजिप्तची विमाने जमिनीवरच जळाली. गाझात अडकलेले काही भारतीय शांतिसैनिकही मारले गेले. सहा दिवसांत सारे संपले. नासर यांनी राजीनामा जाहीर केला, आणि हरलेल्या नेत्याने जाऊ नये म्हणून कैरोचे लोक रडत रस्त्यावर उतरले. सुएझचा कालवा जो बंद झाला तो आठ वर्षांनी, १९७५ मध्ये उघडला. आपल्या कोकणातले जे लोक जहाजांवर नोकरीला होते, त्यांना आफ्रिकेला वळसा घालून जाव्या लागलेल्या त्या लांबलचक फेऱ्या आठवत असतील. अप्पासाहेब १९६९ पर्यंत कैरोत होते, म्हणजे हरल्यानंतरच्या कैरोतही त्यांनी दोन वर्षे काढली.

त्यानंतर लंडन. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. ही गोष्ट ब्रिटनमध्ये पटवून देणे हे उच्चायुक्त म्हणून त्यांचे काम. पण लंडनची आम्हाला जास्त आठवते ती १९७२ मधली गोष्ट. ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने जाहीर केले की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. पन्नास हजारांहून अधिक माणसे दुकाने, घरे, शाळा मागे टाकून निघाली. त्यांपैकी सत्तावीस-अठ्ठावीस हजार ब्रिटनला गेली. गोव्याची कॅथोलिक कुटुंबेही त्यात होती. वीस वर्षांपूर्वी नैरोबीत अप्पासाहेब ज्या गोष्टी सांगत फिरत होते, युगांडाही त्यांच्याच कक्षेत असताना, त्या ज्यांना नकोशा वाटल्या होत्या त्यांतलेच काही लोक आता विमानतळावर एकेक पेटी घेऊन उभे होते. अर्थात अमीनचा जुलूम हा जुलूमच होता, आणि मिसळून राहिलेल्यांनाही त्याने सोडले नाही. उच्चायुक्तांची लंडनमधली मुदत त्याच वर्षी संपली. तिथून रोम, आणि १९७५ मध्ये निवृत्ती.

अप्पासाहेबांनी पुस्तके लिहिली, त्यांतल्या एकात राजदूतपणाच्या रीतीत न बसणाऱ्या प्रसंगांच्या आठवणी आहेत. सूर्यनमस्कारावरही लिहिले, कारण देश कोणताही असो, सकाळचे नमस्कार त्यांनी सोडले नव्हते. १९८९ साली आलेले पुस्तक मात्र नैरोबीचे नाही, गंगटोकचे नाही. ते वडिलांवर आणि औंधच्या त्या प्रयोगावर आहे. आयुष्यभर जग फिरून त्यांना सांगावेसे वाटले ते बहात्तर गावांबद्दल. १९९२ मध्ये ते गेले.

युवकांच्या सभेतल्या त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला, मग त्याने विचारले की नैरोबीतून काढून टाकल्यावर त्यांना वाईट वाटले असेल का. आमच्या महामार्गाच्या कडेला, डोलवीच्या कारखान्यात बिहार-ओडिशाहून आलेल्या कामगारांच्या खोल्या आहेत. सभा संपल्यावर तो मुलगा आणि त्याचे दोन मित्र त्या बाजूने चालत गेले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत अजून आहे. पुढच्या सहलीला तिथे जायचे का, असे त्यांनी आम्हाला विचारले आहे. बसच्या भाड्याचा हिशेब सध्या चालू आहे.